नर्सबाईंनी पास केलेली गाडी

माझ्यासाठी जुनी मोटरसायकल बघायला गेल्यावर नर्सबाई गाडी सोडून बाकी सगळं बघायच्या. विकणारा बिचारा सकाळपासून टाकी पुसून, गाडी आंब्याच्या सावलीत जरा तिरकी उभी करून, फोटोला उभ्या केलेल्या नवऱ्या मुलासारखी सजवून वाट बघत असायचा. बाई तिच्याकडे ढुंकूनही न बघता अंगणातून सरळ पडवीत जायच्या, बाकावर बसायच्या आणि पाणी मागायच्या. फिल्टरचं नको, विहिरीचं ताजं काढून द्या, म्हणायच्या. घरातलं कोणीतरी नाइलाजाने कळशी घेऊन विहिरीवर जायचं आणि बाई डोळे मिटून ऐकत बसायच्या. विहिरीची कप्पी करकरली, की पाणी पिऊन, पाणी फार गोड आहे एवढं सांगून त्या उठायच्या आणि मला घेऊन बाहेर पडायच्या. गाडी तिथेच तिरकी.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. रस्त्यावर आल्यावर कारण कळलं.

"ज्यांका रोजच्या पाण्याची कप्पी ऐकाक येणा नाय, त्यांका इंजिन खंय ऐकाक येतला?"

मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्या दिवसांत ही गोष्ट मी कोणी न विचारताही सांगायचे. त्यामुळे कप्पीवरून मोटरसायकल पारखणं मला अत्यंत अशास्त्रीय वाटलं. मी मोबाईलवर शेकड्याने व्हिडिओ बघितले होते. हेल्मेटवर कॅमेरा लावलेली मुलं कुठल्याशा बर्फाळ खिंडीत उभी राहून, जुनी गाडी घेताना कोणत्या एकवीस गोष्टी बघाव्यात ते सांगायची. त्या एकवीसांत विहीर नव्हती.

ज्यांच्याकडे पंप होता त्यांचं बाई दाराच्या बिजागरीवर भागवायच्या. अशा रीतीने आम्ही नऊ घरांचं पाणी प्यायलो आणि दोनच गाड्या प्रत्यक्ष पाहिल्या.

मालवणहून धामापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बाईंचं घर होतं. जवळच्या हायस्कुलात मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले. भाडेकरू हा शब्द माझा. बाई लोकांना माझी ओळख 'माझी जुनी पेशंट' अशी करून द्यायच्या, आणि ते खरं होतं. खारेपाटणच्या अलीकडे, आत डोंगरात आमचा गाव. बाई तरुणपणी तिथल्या उपकेंद्रावर होत्या. पांढरी साडी खोचून मोटरसायकलवर वाडीवाडीतून लस द्यायला फिरायच्या, कारण सरकारने दिलेली मोपेड आमची घाटी चढायला तयार नव्हती. लग्न का केलं नाहीत असं कोणी विचारलं, तर म्हणायच्या, मुहूर्त होता तेव्हा मी दौऱ्यावर होते.

मी त्यांच्याच हातात जन्मले. दिवस भरायच्या आधीच, मुठीएवढी. घरातल्यांनी आशा सोडली होती. बाई म्हणाल्या, "जगतला ह्या चेडू." बाबांनी ते ऐकलं. बारावीनंतर मला काजूच्या कारखान्यात पाठवायचं घरात जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा बाई बदली होऊन गेलेल्या असूनही मुद्दाम आल्या, आणि हिला शिकवा, म्हणाल्या. बाबांनी तेही ऐकलं. बाबा देवाशी वाद घालतात, तलाठ्याशी घालतात, नर्सबाईंशी नाही.

अशा बाबांना मी एका जानेवारीत सांगितलं की मे महिन्याच्या सुट्टीत मला जुनी मोटरसायकल घेऊन हिमाचलातल्या स्पितीपर्यंत एकटीने जायचं आहे. आमच्याकडे माणूस लांब जातो तो नोकरीला, लग्नाला, नाहीतर मुंबईच्या हॉस्पिटलात. बाबांनी विचारलं, थंय कोण आसा? कोणी नाही. मगे कशाक? मी मोबाईलवरचा बर्फाचा फोटो पुढे केला. आजही याहून बरं उत्तर मला सुचलेलं नाही. आई म्हणाली, शिकलं म्हणजे असंच होतं. बाबांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि अट घातली. गाडी नर्सबाई पास करतील तरच जायचं. आणि वाटेत ती एकदा जरी बिघडली, तर नर्सबाईंचा शब्द तिथे संपला. गाडी रेल्वेच्या पार्सलात टाकायची, आपण डब्यात बसायचं आणि घरी यायचं. त्यानंतर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही.

मी खुशीने हो म्हटलं. एक म्हातारी बाई एक गाडी बघून मान डोलावणार, त्यात कठीण काय, असं मला वाटलं. शिकलं म्हणजे असंच होतं.

सल्ल्यांची तेव्हा कमतरता नव्हती. स्टाफरूममध्ये पी.टी.चे सर होते. ते कोल्हापूरच्या पुढे आयुष्यात एकदाच गेले होते, तेही झोपेत. पण हिमालयातल्या रस्त्यांबद्दल त्यांच्याकडे पक्की माहिती होती, आणि मुलींना न झेपणाऱ्या गाड्यांची एक वेगळी यादीही होती. माझ्या चुलतभावाचं म्हणणं होतं की गाडी कुठचीही घे, बाजूला लोखंडी पेट्या आणि पुढे पिवळे दिवे पाहिजेत, म्हणजे लोक रस्ता देतात. ज्यांना मी कधी मालवण सोडून जाताना बघितलं नाही, अशा सर्वांनी मला अंगात घालायचं जाड जाकीट आधी घे म्हणून बजावलं.

माझ्या मनात एक गाडी ठरलेलीच होती. उंच, पुढे चोच असलेली, व्हिडिओतल्यासारखी. कणकवलीत एका मुलाकडे तशी मिळाली. त्यांची कप्पी नशिबाने गप्प होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात बाई गाडीपाशी गेल्या, हँडल धरलं आणि गाडी हळूच अंगणात आडवी झोपवली. मग मला म्हणाल्या, उचल.

मुलगा धावत आला. टाकी खरचटेल, बाई, म्हणाला.

"थंय रस्त्यावर गादये घातलेले आसत काय रे?" बाईंनी विचारलं. मग माझ्याकडे वळून पुन्हा, "उचल गो."

मी हँडलकडून ओढली, सीटकडून ओढली, गाडीकडे पाठ करून ढकलली. गाडी जागची हलली नाही. मुलाची आजी पडवीतून मोठ्या समाधानाने बघत होती. शेवटी मुलाने आणि बाईंनी मिळून ती उभी केली. परतीच्या एस.टी.त बाई मला म्हणाल्या की पडलेली गाडी जिला उचलता येत नाही, ती गाडीवाली नव्हे, ती गाडीशेजारी बसलेली बाई. माझ्या स्वप्नाचा निकाल असा दहा मिनिटांत लागला. त्या दिवसानंतर गाडी झोपवून मी ती उचलल्याशिवाय घ्यायची नाही, हा नियम झाला. विकणाऱ्यांमध्ये आमचं नाव पसरलं. दोघांनी फोनवरच गाडी विकली गेली म्हणून सांगितलं. त्यातली एक पुढे वर्षभर त्यांच्या दारात उभी असलेली मी बघितली.

कुडाळला जुन्या गाड्यांचं दुकान होतं. तिथे विहिरीचा प्रश्न नव्हता, म्हणून मीच बाईंना तिकडे नेलं. दुकानदार टेबलामागून उठून शुद्ध मराठीत बोलायला लागला. काळी कुळकुळीत गाडी, रंग असा की आपलं तोंड बघावं. म्हणाला, मॅडम, सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, एवढीच फिरलेली. बाईंनी फार नम्रपणे विचारलं, कोणते डॉक्टर? दुकानदार म्हणाला, इथलेच. बाईंची सगळी नोकरी जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या हाताखाली गेली होती. त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली आणि दुकानदार प्रत्येक नावाला, नाही, ते नव्हेत, म्हणत गेला. डॉक्टर संपले. मग बाई वाकल्या, मागच्या कॅरिअरखाली, जिथे रंगाचा फवारा पोचत नाही तिथे, बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं.

"तुझो डॉक्टर बांगडे इकीत होतो काय रे?"

आमच्या किनाऱ्यावर मासळीच्या पेट्या बांधून बाजारात जाणाऱ्या गाड्या अशाच मरतात. बर्फाचं खारट पाणी महिनोन्‌महिने मागच्या लोखंडावर ठिबकत राहतं आणि आतून ते पापडासारखं होतं. वास चार धुण्यांत जातो, वरून रंग मारता येतो, मीठ मात्र तिथेच राहतं. मी ज्या रंगात तोंड बघत होते, त्याखालचं लोखंड बाईंनी चावीने टोकरलं तर चावी आत गेली. दुकानदार शुद्ध मराठी विसरला. खरं सांगायचं तर ती गाडी मी मनातल्या मनात घेऊन टाकली होती. खिंडीत उभी राहून फोटो कसा काढायचा तेही ठरवलं होतं.

शेवटी गाडी मिळाली ती धामापूरच्या बाजूला, भजनाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या बुवांकडे. गाडी विटक्या चॉकलेटी रंगाची, दीडशे सीसीची, सीट दोन ठिकाणी शिवलेली. व्हिडिओवाल्या कुठल्याही मुलाने तिच्यासोबत फोटो काढला नसता. बुवांची कप्पी गप्प होती, बिजागऱ्या गप्प होत्या, आणि बुवाही बराच वेळ गप्प होते. तीस वर्षं त्यांनी मागे हार्मोनियम बांधून गावोगाव गाडी चालवली होती, त्यातली शेवटची बारा या गाडीवर. बाईंनी मला कोपराने ढोसलं. मागे पेटी बांधून चालवणारा माणूस खड्ड्यात गाडी घालत नाही, हे मला माझं मीच समजायला हवं होतं.

बाईंनी इंजिनावर तळहात ठेवून ते थंडगार असल्याची खात्री केली, कारण गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेलं इंजिन कोणाचंही पहिल्या किकला चालू होतं. मग वाचायचा चष्मा लावून चौकटीवरचा नंबर गाडीच्या आर.सी. पुस्तकातल्या नंबराशी ताडला, लसीच्या बाटलीवरचा बघावा तसा. मी किक मारली. गाडी चालू झाली. बुवा पेटीचा सूर लावावा तशी मान तिरकी करून ऐकत राहिले आणि म्हणाले, काळी दोनच्या वायच खाली बोलता, पण स्थिर बोलता. मुलांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. ते गाडीकडे न बघता आत गेले आणि तिचे बाकीचे कागद एका जुन्या भजनाच्या वहीत ठेवलेले होते, ती वहीच आम्हाला देऊन टाकली. बाईंनी ती गाडी झोपवली, मी उचलली. पहिल्याच खेपेला. माझ्या सर्व पदव्यांपेक्षा मला त्या वेळी जास्त अभिमान वाटला, हे मी पी.टी.च्या सरांना कधी सांगितलं नाही.

गाडी घेतली म्हणजे गाडी पास झाली, असा माझा गैरसमज होता. बाईंनी लसीकरणाचं एक जुनं गुलाबी कार्ड काढलं, बाळाच्या नावाच्या जागी गाडीचा नंबर लिहिला आणि पुढच्या डोसांच्या तारखा घातल्या. ऑइल, ब्रेकचे लायनर, चेन, पुढच्या काट्यांचे सील, हँडलमधले छर्रे. प्रत्येक काम कुडाळच्या एका मेकॅनिककडून व्हायचं, पण बाई शेजारी स्टुलावर बसलेल्या. त्याने हात न धुता छर्‍यांना हात लावला की परत धुवायला पाठवायच्या. तो पुढे पुढे आम्ही दिसलो की आपण होऊन साबण घ्यायचा. क्लचची जास्तीची केबल पिशवीत न ठेवता जुन्या केबलच्या शेजारीच बांधून ठेवायची, म्हणजे तुटली तर नुसती दोन टोकं बदलली की झालं, ही युक्ती त्यांनी कुठून आणली होती देव जाणे. टाकी गळली तर अंघोळीचा साबण घासायचा, म्हणून एक वडी वेगळी दिली. माझ्या सामानाच्या दोन मोठ्या पिशव्यांतून त्यांनी एक अख्खी पिशवी उपसून काढली. जाड जाकीट तेवढं ठेवलं, कारण आता ते न ठेवणं म्हणजे सगळ्या मालवणाचा अपमान झाला असता.

दर रविवारी गाडीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा जांभ्याचा चिरा बांधून मी खारेपाटणपर्यंत जाऊन यायचं, असा नियम होता. भरलेली गाडी वळणावर कशी वागते ते हाताला कळलं पाहिजे. वाटेत आमच्या गावचे लोक भेटायचे. एकेक चिरा नेऊन घर बांधतेस काय गो, असं एका काकांनी विचारलं, आणि पुढच्या रविवारी, पाया झाला काय, असंही विचारलं.

पण सर्वांत वाईट होती शाळेच्या दिवसांची सकाळ. इंजेक्शनं देण्यात ज्यांचा जन्म गेला त्या बाईंना टोचायची सवय सुटली नव्हती. मी इस्त्रीची साडी नेसून निघायला यावं, तर मागच्या टायरमध्ये खिळा. त्या पायरीवर चहा पीत बसलेल्या. चाक काढ, ट्यूब काढ, ठिगळ लाव, हवा भर. एकदा खिळा नव्हता म्हणून मी आनंदाने किक मारत राहिले, मारत राहिले, आणि चहा संपल्यावर बाईंनी खिशातून स्पार्क प्लग काढून दाखवला. मी त्या दोन महिन्यांत सहा वेळा उशिरा गेले. हेडमास्तरांनी कारण विचारल्यावर मी खरं सांगितलं, आणि त्यांचा विश्वास बसला, कारण लहानपणी बाईंनी त्यांनाही टोचलेलं होतं.

शेवटचा डोस मे महिन्याच्या सुरुवातीला होता, क्लचच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलींना तेल देणं. मेकॅनिक म्हणाला, दुकानात त्याचं तेल मिळतं. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा हात धुवायला गेला. त्यांच्या मते जगात एकच तेल होतं, घाण्यावरचं खोबरेल. बाळाच्या अंगाला तेच, स्वतःच्या गुडघ्यांना तेच, दाराच्या बिजागरीला तेच. खोबरेल लावून बिघडलेली एक तरी वस्तू दाखव, असं त्यांनी मला आव्हान दिलं. मला एकही आठवेना. आम्ही दोघी अंगणात बसलो. घाम डोळ्यांत जात होता. मी केबल उभी धरली आणि बाईंनी सिरिंजमध्ये खोबरेल भरून, बोटाने टिचकी मारून हवेचा बुडबुडा काढून, शेवटच्या टोकातून थेंब पडेपर्यंत ते आत सोडलं. केबल लोण्यासारखी सरकायला लागली.

मग बाईंनी बाबांना फोन केला आणि एवढंच सांगितलं, "गाडी तयार आसा."

बाबा कमी बोलतात, पण करतात पूर्ण. मी निघायच्या दिवशी त्यांनी गावच्या देवळात गाऱ्हाणं ठेवलं. आमच्याकडे लग्न, परीक्षा, कोर्टाची तारीख, सगळं आधी देवाच्या कानावर घालतात. गाऱ्हाण्याचा मान असलेल्या गावकरांनी नारळ हातात घेऊन देवाला गाडीचा नंबर सांगितला आणि या चेडवाच्या चाकाखाली खिळा येऊ देऊ नको रे म्हाराजा, असं मागणं घातलं. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. बाई तेवढ्या माझ्या कानात पुटपुटल्या, "खिळो इलो तरी चलात. तेची सवय झाली हा."

मग मी गेले. गुजरातचं ऊन, राजस्थानचं त्याहून मोठं ऊन, पंजाबातले ट्रक. आठ दिवस गाडीने कुरकुरसुद्धा केली नाही. ढाब्यांवर लोक आधी मी एकटीच का म्हणून विचारायचे आणि मग गाडी बघून, हिच्यावर इथवर आलात? म्हणायचे. मी रोज संध्याकाळी बाबांना फोन करून गाडी बरी असल्याचं सांगायचे. बाबा फक्त, बरा, म्हणायचे आणि पुढच्या दिवसाची परवानगी त्या एका शब्दात असायची.

सिमल्याच्या पुढे नारकंड्याला मी मुक्काम केला. सकाळी उठून बघते तर आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून वाफ येत होती. जाड जाकिटाचे मनापासून आभार मानत मी किक मारली. इंजिन चालू झालं. मी ॲक्सिलरेटर पिळला आणि सोडला. तो परत आला नाही. पिळला तिथेच अडकून बसला आणि गाडी लॉजच्या अंगणात जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. मी घाबरून बटण बंद केलं. खिडक्यांमधून पाचसहा डोकी बाहेर आली होती. क्लच दाबायला गेले तर तो दगड.

दोन महिने बाईंनी मला टोचून टोचून जे शिकवलं होतं, त्यात हा रोग नव्हता. मी केबलचं टोक सोडवलं. पिळल्यावर आतून पांढरं, मऊ, मेणासारखं काहीतरी बाहेर आलं. नाकाशी नेलं. तो वास घरातल्या फणीचा होता.

खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं. हे मी नववीच्या वर्गाला दरवर्षी फळ्यावर लिहून देते. डिसेंबरात बाईंच्या आणि माझ्या दोघींच्या बाटल्या सकाळी उन्हात ठेवलेल्या असतात, हेही मी रोज बघायचे. पण मे महिन्यात मालवणच्या अंगणात घाम पुसत बसलेल्या दोन बायकांना थंडी नावाची वस्तू आठवेल कशी? बाईंना नाही आठवली, ते समजण्यासारखं आहे. केबल धरून उभी होती ती रसायनशास्त्राची पदवीधर.

लॉजच्या बाईंनी किटलीभर गरम पाणी दिलं. ते केबलींवर ओतलं, मग एकेक केबल सोडवून पेट्रोलने धुतली, मोकळी केली आणि इंजिनाच्या ऑइलचे थेंब सोडले. दोन तास लागले. खिडक्यांतली डोकी एव्हाना खाली येऊन कोंडाळं करून बसली होती आणि मला सल्ले देत होती. साडेनऊला गाडी पुन्हा काळी दोनच्या वायच खाली बोलायला लागली.

बिघडली होती, हे मात्र खरं होतं. एकदा. आणि अट एकदाचीच होती. स्पिती अजून दोन दिवसांवर होतं.

मी बाबांना फोन केला नाही. बाईंना केला. सगळं सांगितलं, खोबरेलासकट, आणि मग म्हटलं की गाडी आता चांगली आहे, झालं ते झालं, बाबांना सांगायची काही गरज नाही.



"चूक कोणाची?" बाईंनी विचारलं.

"दोघींची."

"तुजी नाय. गाडी तयार आसा ह्या मी म्हटलंय." आणि फोन ठेवला.

मी परत लावला, उचलला नाही. पुढे जावं की सिमल्याकडे वळावं, मला कळेना. नारकंड्याच्या त्या अंगणात बांधलेल्या सामानाच्या शेजारी मी दिवसभर बसून राहिले. पहिल्यांदाच मला त्यांच्या खरेपणाचा राग आला. त्यांना तत्त्व होतं, मला एकच मे महिना होता.

पुढे जे झालं ते मला संध्याकाळी बाईंनीच फोनवर सांगितलं, आणि फार चिडून सांगितलं. त्या दोन एस.टी. बदलून, उन्हातून घाटी चढून आमच्या घरी गेल्या होत्या. बाबा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते. बाई पायरीवरही बसल्या नाहीत. उभ्या उभ्या म्हणाल्या, मी चुकलंय. गाडी बिघडली. खोबरेल मी घातलं होतं. तिचा काही दोष नाही.

बाबा खराट्याने बिया परतत राहिले. मग विचारलं, आता चलता? बाई म्हणाल्या, चलता. थंय कोणी मेकॅनिक गावलो? बाई म्हणाल्या, नाही, तिनेच केली, एकटीने.

बाबांनी खराटा बाजूला ठेवला.

"मग माका कित्याक इचारतास?"

एवढंच. मग पाणी आणायला आत गेले. बाईंचा संताप याच्यावर होता. जन्मात पहिल्यांदा कोणाच्या दारात चूक कबूल करायला गेले, निदान तुझ्या बापाने दोन शब्द तरी बोलायचे होते, असं त्या मला चारचारदा सांगत राहिल्या. मी इकडे सिमेंटच्या पायरीवर बसून डोळे पुसत होते, आणि ते फोनवर कळू नये म्हणून हूं हूं करत होते. त्यांना अर्थात कळलं.

"आता माका पण इचारू नको," त्या म्हणाल्या.

पुढचे सोळा दिवस मी रोज संध्याकाळी त्यांना फोन लावला. नाकोहून, ताबोहून, काझाहून, परतीच्या प्रत्येक मुक्कामावरून. पूर्ण वाजून बंद व्हायचा. एकदा काळजी वाटून शेजारणीला लावला, बाई बऱ्या आहेत ना म्हणून. ती म्हणाली, त्यांका काय धाड भरली हा, रोज तिनसांजेक पायरेर बसतत, फोन मांडयेर घेवन.